पूरक्षेत्रातील घरदुरुस्ती : राहून गेलेल्या नियमाचा इतिहास

कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी सर्वांना माहीत आहे. उत्तरेस पंचगंगा आणि दक्षिणेस दूधगंगा अशा दोन नद्यांच्या मधल्या भागात ते वसले आहे. गाव नदीकाठापासून दूर असल्यामुळे महापुरात हुपरीकरांची घरे सहसा वाचतात. अडतात ते रस्ते. पूर हुपरीत येतो तो पाहुण्यांच्या रूपाने. नदीकाठच्या गावांतली नातेवाईक मंडळी गाठोडी, भांडी, शाळेची दप्तरे आणि जमल्यास जनावरे घेऊन येतात आणि पाणी उतरेपर्यंत राहतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये माझी एक मावशी अशीच आमच्याकडे आली होती. पाणी उतरल्यावर मी तिच्याबरोबर तिच्या घरी गेलो. स्वयंपाकघराची भेंड्याची भिंत पूर्ण बसली होती. भेंडा म्हणजे उन्हात वाळवलेली, न भाजलेली मातीची वीट. गवंडी आला तेव्हा मावशीने त्याला एवढेच सांगितले, “दादा, होती तशी उभी करून द्या, म्हंजे झालं.” त्याने ती तशीच उभी केली, वरून सिमेंटचा गिलावा चढवला. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैमध्ये, तीच भिंत पुन्हा बसली.

दोष मावशीचा नव्हता आणि गवंड्याचाही नव्हता. मला प्रश्न पडला तो वेगळा. पूररेषेच्या आत नवे घर बांधू नये, हे सांगणारे नियम आपल्याकडे आहेत. पण तेथे पूर्वीपासून असलेले घर पुरानंतर दुरुस्त कसे करावे, हे त्या गवंड्याला सांगणारा एखादा नियम होता का? या प्रश्नाचे उत्तर शोधताना जो इतिहास हाती लागला, तो शिक्षकांपुढे आणि मोठ्या विद्यार्थ्यांपुढे मांडावा म्हणून हा लेख.

काळी आणि पांढरी

मराठी मुलखात गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले जात. पिकाची ती ‘काळी’ आणि वस्तीची ती ‘पांढरी’. जुन्या कागदपत्रांत हे शब्द वारंवार येतात. पांढरीची माती बऱ्याच ठिकाणी खरोखरच फिकट रंगाची असते आणि तिचा उंचवटा आजूबाजूच्या शेतांपेक्षा वर असतो. हा उंचवटा सगळाच निसर्गाने दिलेला नसतो. मातीचे घर पन्नास-शंभर वर्षांत पडते. पडलेल्या भिंतींची माती दूर वाहून नेण्यापेक्षा तेथेच सपाट करून त्यावर नवे घर उभारणे सोपे. राख, शेण, खापरे, चुना यांची भर पडत जाते. असे शतकानुशतके चालले की गाव हळूहळू वर चढते.

कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये तेथे उत्खनन केले. सातवाहन काळापासून बहमनी काळापर्यंतच्या वस्तीचे थर त्यात उघडे झाले. नदीला इतके लागून असूनही लोक पुन्हापुन्हा त्याच उंचवट्यावर येऊन राहिले, हे त्यातून दिसते.

यातली एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. जुन्या पद्धतीत प्रत्येक पुनर्बांधणीबरोबर घर थोडे वर जात असे. हा नियम कोणी लिहिलेला नव्हता. तो मातीच्या स्वभावातून आणि माणसाच्या सोयीतून आला होता. पुढे गावे वाढली, पांढरीवरची जागा संपली, उसाच्या पैशावर घरे उतारावर आणि थेट मळीच्या जमिनीपर्यंत आली. घरे सखल भागात उतरली आणि दुरुस्तीबरोबर उंची वाढण्याची रीत मागे पडली.

पंचगंगेचा पूर

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकपरंपरेने गुप्त मानलेली सरस्वती मिळून पंचगंगा होते, असे आपण शाळेत शिकवतो. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखली येथे हा संगम होतो. तेथून सुमारे ८० कि.मी. वाहून ती नरसोबाच्या वाडीला कृष्णेस मिळते. उगमाकडच्या घाटमाथ्यावर, गगनबावड्यासारख्या ठिकाणी, वर्षाला ५,००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे हातकणंगले, शिरोळ भागात तो १,००० मि.मी.पर्यंतही पोचत नाही. म्हणजे आपल्या गावात ऊन पडलेले असतानाही नदी फुगू शकते. पूर्वेकडे नदीचा उतार मंद आहे आणि कृष्णाही त्याच वेळी भरलेली असली तर पंचगंगेचे पाणी तुंबून मागे पसरते.

या पुराचा स्वभाव त्यामुळे ठरतो. डोंगरातल्या ओढ्याचा लोंढा काही तासांत येतो आणि जातो. पंचगंगेचे पाणी काठच्या गावांत सावकाश चढते आणि दिवसेंदिवस उभे राहते. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर या पाण्याची पातळी मोजतात. तेथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी मानली जाते. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेले. हा विक्रम झाला असे लोक म्हणत असतानाच २०२१ मध्ये ते ५६ फुटांवर गेले.

उभे पाणी भिंतीला काय करते?

नियमांकडे वळण्यापूर्वी थोडे पदार्थविज्ञान पाहू, कारण त्याच्याशी जुळला तरच नियम कामाचा.

पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. भिंतीच्या एका बाजूस १ मीटर पाणी उभे असेल आणि दुसरी बाजू कोरडी असेल, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर पडणारा एकूण रेटा सुमारे ५०० किलोग्रॅम वजनाइतका असतो. पाणी २ मीटर झाले की तो दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे सुमारे २,००० किलोग्रॅम. खोलीबरोबर दाबही वाढतो आणि दाब पडणारे क्षेत्रही वाढते, म्हणून हा वर्गाचा नियम. ३ मीटर लांबीच्या भिंतीवर मग ६ टनांचा रेटा येतो. साधी भिंत वरचे वजन पेलण्यासाठी बांधलेली असते, असा आडवा रेटा सोसण्यासाठी नव्हे. म्हणूनच दारे-खिडक्या घट्ट बंद करून पाणी बाहेर अडवून धरण्याची धडपड खोल पुरात घरालाच घातक ठरते. पाणी आत येऊ दिले तर दोन्ही बाजूंचे रेटे एकमेकांस छेद देतात. सामान भिजते, पण भिंत उभी राहू शकते.

धोक्याची दुसरी वेळ पाणी उतरताना येते. बाहेरचे पाणी खाली जाते, आतले कोंडून राहते आणि भिजून मऊ झालेली भिंत बाहेर ढकलली जाते. नदीकाठचे जाणते लोक पाणी ओसरू लागल्यावर भिंतीजवळ निजू देत नाहीत, त्याचे कारण हे आहे.

भेंड्याची गोष्ट आणखी वेगळी. वाळलेल्या मातीचे कण एकमेकांना धरून राहतात, त्यात कणांमधल्या किंचित ओलाव्याच्या पृष्ठताणाचा मोठा वाटा असतो. सर्व पोकळ्या पाण्याने भरल्या की हा ताण नाहीसा होतो आणि भेंड्याचा चिखल होतो. भट्टीत भाजलेल्या विटेत मातीची रचना कायमची बदललेली असते, म्हणून ती भिजली तरी विरघळत नाही. भेंड्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला तर ती वरून पक्की दिसते. पण त्या कवचामुळे आत शिरलेला ओलावा लवकर बाहेर पडत नाही आणि भिंत आतून दुबळी राहते. मावशीच्या भिंतीचे बहुधा हेच झाले. चुन्याचा गिलावा ओल बाहेर जाऊ देतो.

पायाखाली काळी माती असेल तर आणखी एक संकट उशिरा येते. ही माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. पुरात न पडलेल्या घराच्या भिंतींना दोन-तीन महिन्यांनी तिरप्या भेगा पडू लागतात. तोपर्यंत नुकसानीचा पंचनामा होऊन गेलेला असतो.

रेषा कशा आल्या?

पुराशी सामना म्हणजे धरण किंवा बांध, ही समजूत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगभर होती. गिल्बर्ट व्हाइट या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात तिला आव्हान दिले. बांध घातला की लोकांना सुरक्षित वाटते, त्यामागे वस्ती वाढते आणि बांध अपुरा पडेल त्या दिवशी नुकसान पूर्वीपेक्षा मोठे होते, असे त्याचे म्हणणे. नदी आवरण्याइतकेच माणसाने आपले वागणे बदलणेही आवश्यक आहे, हा विचार तेथून पुढे आला.

महाराष्ट्राला पुराचा सर्वांत कठोर धडा १२ जुलै १९६१ रोजी मिळाला. पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला धरणही फुटले आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठा बुडाल्या. नदीच्या मालकीची जागा किती रुंद असते, हे शहराला त्या दिवशी दिसले.

केंद्र सरकारने १९७५ मध्ये पूरमैदानांच्या विभागणीसाठी एक नमुना विधेयक राज्यांकडे पाठवले. त्यातील कल्पना सोपी होती. रुग्णालये, वीजकेंद्रे, पाणीपुरवठा अशा अत्यावश्यक गोष्टी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीवर असाव्यात. घरे आणि सार्वजनिक कार्यालये निदान पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या वर असावीत. नदीलगत बागा आणि क्रीडांगणे ठेवावीत. राष्ट्रीय पूर आयोगाने १९८० च्या अहवालात या विभागणीवर भर दिला. पण मणिपूरसारखी मोजकी राज्ये सोडली तर कायदा कोणी केला नाही.

महाराष्ट्राने कायद्याऐवजी परिपत्रकाचा मार्ग धरला. १९८९ मध्ये पाटबंधारे विभागाने निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखण्याच्या सूचना काढल्या. ढोबळमानाने, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र आणि निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो वर्गातही आढळतो. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा पूर आला की पुढची नव्याण्णव वर्षे निश्चिंती, असा नाही. कोणत्याही वर्षी तो येण्याची शक्यता १ टक्का, एवढाच त्याचा अर्थ. तीस वर्षांत तो एकदाही न येण्याची संभाव्यता ०.९९ चा तिसावा घात, म्हणजे सुमारे ०.७४. तेव्हा लाल रेषेवर घर असलेल्या माणसाला तीस वर्षांत तो पूर पाहावा लागण्याची शक्यता २६ टक्के. निळ्या रेषेवर हाच हिशेब ०.९६ चा तिसावा घात घेऊन करावा. उत्तर ७० टक्क्यांच्या आसपास येते. २०१९ चा विक्रम २०२१ मध्ये मोडला, यात गणिताला न जुमानणारे काही नाही. शिवाय पावसाची तऱ्हा बदलत असेल, तर जुन्या नोंदींवरून काढलेल्या रेषाच वर सरकवाव्या लागतात.

दुरुस्तीला मिळालेली सूट

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळून महाराष्ट्रभर एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यात पूररेषांना जागा मिळाली, हे मोठे पाऊल होते. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम नाही; बाग, वाहनतळ, ओट्यांचा उघडा भाजीबाजार असे काही चालेल. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधकाम करायचे तर ते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे सुमारे दीड फूट, उंच हवे. निळ्या रेषेच्या आत पूर्वीपासून असलेल्या अधिकृत इमारतीचा पुनर्विकासही याच उंचीवर आणि पाटबंधारे खात्याच्या ना-हरकत पत्रानंतरच करता येतो.

नियम शास्त्राला धरून आहे. पण तो लागू होतो नव्या बांधकामाला आणि पुनर्विकासाला. दुरुस्तीचे काय? राष्ट्रीय इमारत संहितेत परवानगी न लागणाऱ्या कामांची एक यादी आहे. गिलावा, फरशी, कौले बदलणे, पडलेल्या विटा-दगड बसवणे ही कामे तिच्यात आहेत. वादळ, पाऊस, भूकंप किंवा अन्य नैसर्गिक आपत्तीत पडलेला इमारतीचा भाग मंजूर नकाशाप्रमाणे पूर्वी होता तेवढाच पुन्हा उभारणे, हेही त्याच यादीत येते. हेतू चांगला आहे. ज्याचे घर पडले त्याला परवान्यासाठी खेटे घालायला लावू नये. पण पूरक्षेत्रात या सवलतीचा परिणाम उलटा होतो. ‘पूर्वी होते तेवढेच’ म्हणजे मावशीचे ‘होती तशी’. पूर्वीची उंची, पूर्वीचे साहित्य आणि पूर्वीचाच दोष.

दोन्ही नियम शेजारी ठेवून पाहिले की लोक असे का वागतात ते कळते. घर नव्याने बांधायचे तर ते कदाचित पुरुषभर उंच खांबांवर न्यावे लागेल आणि तेवढा पैसा नाही. दुरुस्ती म्हटली की कोणी विचारत नाही. तेव्हा सगळेच दुरुस्ती करतात. कडक नियम कागदावर राहतो आणि प्रत्यक्षात घर दर पुराला त्याच जागी, त्याच उंचीवर पुन्हा उभे राहते.

मदतीचे निकषही हेच वळण पक्के करतात. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांनुसार सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घरास १ लाख २० हजार रुपये मिळतात. किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घरास ६,५०० आणि कच्च्या घरास ४,००० रुपये. राज्य सरकार प्रसंगी यात भर घालते. पंचनाम्यात मोजली जाते ती पडझड. पुढे काय आणि कसे बांधले, याच्याशी या रकमेचा संबंध नाही. शिवाय ६,५०० आणि १ लाख २० हजार यांच्या मधली दरी इतकी मोठी आहे की भेगाळलेली भिंत वेळीच सावरण्यापेक्षा घर पूर्ण पडलेलेच बरे, असे एखाद्या गरीब माणसाला वाटले तर त्याला नावे ठेवता येणार नाहीत.

दोन उदाहरणे

दुरुस्तीला नियमात बसवण्याचा एक प्रयत्न अमेरिकेत झाला. तेथे १९६८ मध्ये राष्ट्रीय पूरविमा योजना सुरू झाली. जे गाव किंवा शहर पूरक्षेत्रातील बांधकामाचे नियम लागू करील, तेथील रहिवाशांनाच तिचा विमा मिळतो. या नियमांत एक उंबरठा ठरवलेला आहे. दुरुस्तीचा किंवा सुधारणेचा खर्च इमारतीच्या आधीच्या बाजारभावाच्या निम्मा किंवा त्याहून अधिक असेल, तर ती दुरुस्ती न मानता संपूर्ण इमारत नव्या बांधकामाच्या नियमांत आणावी लागते. बहुधा ती उंच करावी लागते. त्या जादा खर्चासाठी विम्यातून ३० हजार डॉलरपर्यंत वेगळी रक्कम मिळू शकते. उंच केलेल्या मजल्याखालची जागा भिंतींनी बंद केली असेल, तर पाणी आत-बाहेर खेळावे म्हणून दर चौरस फूट क्षेत्रामागे एक चौरस इंच झरोका ठेवावा लागतो. वर पाहिलेले दाबाचे गणित येथे थेट नियमात उतरले आहे.

हा नियमही निर्दोष नाही. अंदाज पन्नास टक्क्यांच्या किंचित खाली बसवण्याचा मोह मालकाला होतो आणि स्थानिक अधिकाऱ्यावर दडपण येते. वारंवार बुडणारी आणि वारंवार दुरुस्त होणारी घरे तेथेही आहेत. पण ‘दुरुस्ती कोठे संपते?’ हा प्रश्न त्या नियमाने विचारला तरी आहे.

दुसरे उदाहरण आपल्याच राज्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर काही गावे नव्या जागी वसवली गेली, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याचबरोबर लाखाहून अधिक घरांची त्याच जागी दुरुस्ती आणि मजबुतीकरण करण्यात आले, याची चर्चा कमी होते. घरमालकाला पैसे हप्त्यांनी मिळत, बांधकाम कसे करायचे ते अभियंता सांगे आणि गावोगावच्या महिला ‘संवाद सहायक’ म्हणून लोक आणि सरकार यांच्यातला दुवा होत्या. इमारतींच्या दुरुस्ती व भूकंपरोधक मजबुतीकरणासाठी भारतीय मानकही १९९३ मध्येच आले. म्हणजे पडलेल्या घराच्या दुरुस्तीचे शास्त्र, पैसा आणि देखरेख एकत्र आणणे महाराष्ट्राला अपरिचित नाही. भूकंपासाठी जे जमले, ते पुराच्या वेळी मात्र गवंड्यापर्यंत पोचले नाही.

गाव हलवणे हे उत्तर आहे का?

पूरक्षेत्रात दुरुस्ती करूच नये, गावच हलवावे, असेही कोणी म्हणेल. ज्या वर्षी पूररेषांचे परिपत्रक निघाले, त्याच १९८९ मध्ये पंचगंगेला मोठा पूर आला होता. त्यानंतर प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना सोनतळी येथे उंचावर भूखंड देण्यात आले. तरीही २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये चिखलीतून माणसे बाहेर काढावी लागली. कारणे समजण्यासारखी आहेत. शेती खाली, गोठा खाली, देऊळ खाली. तीस वर्षांत एका घराची तीन घरे झाली आणि भूखंड एकच राहिला. सोनतळीने अनेकांना आसरा दिला, पण जुने गाव रिकामे केले नाही. स्थलांतर हे काही घरांसाठी योग्य उत्तर आहे. पण ज्या गावांत लोक राहणारच आहेत, तेथील दुरुस्तीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

नियम कसा असावा?

असा नियम लिहिणे अवघड नाही. त्यात फार तर पाच-सहा कलमे असतील.

पहिले, प्रत्येक घरावर आजवरच्या सर्वोच्च पाण्याची खूण कायमची कोरावी आणि पंचनाम्यात तिची उंची लिहावी. दुसरे, पडलेली भिंत पुन्हा बांधताना त्या खुणेपर्यंत, निदान ऐपतीप्रमाणे जेवढी जमेल तेवढी, दगडाची किंवा भाजलेल्या विटेची असावी. त्यावर भेंडा चालेल. तिसरे, वीजमीटर, बटणे आणि जोडण्या खुणेच्या वर न्याव्यात. चौथे, जोत्यालगत पाणी बाहेर पडण्यासाठी झरोके ठेवावेत. पाचवे, मातीची भिंत पुरती वाळल्याशिवाय गिलावा करू नये आणि तो चुन्याचा करावा. सहावे, जोते उंच करायचे ते घराच्या चौकटीपुरते. भोवतालचे आवार आणि बोळ भरून घेऊ नयेत आणि पाण्याच्या वाटेवर सलग कुंपणभिंत घालू नये. आपण भरलेल्या जागेतले पाणी शेजाऱ्याच्या घरात जाते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट म्हटली पाहिजे. असा नियम पैशाशिवाय आला तर तो गरिबालाच दंड ठरेल. भर पावसाळ्यात छप्पर उघडे पडलेल्या माणसाला दगडी बांधकामाची अट घालणे हा अन्याय आहे. म्हणून मदतीची पहिली रक्कम तातडीच्या निवाऱ्यासाठी विनाअट द्यावी आणि पुढचा हप्ता सुधारित दुरुस्तीसाठी, भिंत वाळल्यावर, दिवाळीच्या सुमारास द्यावा. काळ्या मातीच्या भेगाही तोवर दिसू लागलेल्या असतात. तेव्हा दुसरी पाहणी करणे शास्त्रालाही धरून होईल.

शाळेत काय करता येईल?

पूरक्षेत्रातील किंवा त्याच्या शेजारच्या शाळेला या विषयात खरोखरीचे काम करता येते. गवंडी पातळी काढण्यासाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात. तिच्या दोन्ही टोकांतले पाणी समपातळीत राहते, हे तत्त्व आठवीच्या मुलांना समजते. ही नळी, एक मोजपट्टी आणि वही घेऊन मुलांनी गल्लीतील प्रत्येक घराच्या जोत्याची उंची आणि २०१९ व २०२१ च्या पाण्याच्या खुणा एकाच पातळीपासून मोजाव्यात. शाळेच्या पायरीवरची एखादी खूण ही मूळ पातळी धरावी. घर कशाचे आहे, कोणती भिंत पडली, ती पाणी चढताना पडली की उतरताना, पुन्हा कशाने बांधली, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहावे. मोठ्या मुलांनी त्याचा नकाशा करावा. वर्गात एक भेंडा आणि एक भाजलेली वीट दोन बादल्यांत बुडवून ठेवावी आणि दर तासाने काय दिसते त्याची नोंद करावी.

ही वही ग्रामपंचायतीत द्यावी आणि तिची एक प्रत गावातल्या गवंड्यांनाही द्यावी.

मावशीची भिंत तिसऱ्यांदा उभी राहिली तेव्हा आम्ही खालचे तीन फूट दगडाचे केले आणि कोपऱ्यात पाणी जाण्यासाठी दोन मोऱ्या ठेवल्या. पैसे तेवढेच होते, म्हणून तीनच फूट. पाण्याची खूण त्याच्या बरीच वर आहे आणि ती आम्ही दाराच्या चौकटीवर खिळ्याने कोरून ठेवली आहे.